पालशेण बंदराचा कौल

चैत्री दशमीचा सूर्य सह्याद्रीच्या माथ्यावर येण्यापूर्वीच तारकगडाच्या दर्याबुरुजावर चौघडा झडला. गडाच्या तीन अंगांना समुद्र आणि चौथ्या अंगाला पालशेणची खाडी. त्या खाडीच्या मुखाशी रात्रभर दबा धरून बसलेले धुके हळूहळू विरळ होऊ लागले, आणि आतल्या शांत पाण्यावर नांगरलेली सतरा-अठरा तारवे एकेक करून दिसू लागली. त्यांतली सात पालशेणच्या मुलखाची होती. बाकीची कच्छची, मस्कतची, मलबारची. ज्यांची निशाणेही गडावरच्या शिबंदीला ओळखू येत नसत असल्या परमुलखांची तारवेही त्यांत होती.

बुरुजाच्या पायऱ्यांवर उभा राहून बंदराचा हवालदार नरसोजी कुबल नित्याप्रमाणे ती मोजत होता. पन्नाशीला आलेला, काळाकभिन्न, दर्याच्या वाऱ्याने डोळे कायमचे आकसलेला हा गाबीत गृहस्थ बोलण्यात आखडता आणि पाहण्यात सढळ होता. अकरा वर्षांमागे पांढरे निशाण लावून आलेल्या एका तारवाने शेजारचे बंदर जाळले, त्या आगीत त्याचा थोरला भाऊ धाकोजी गेला. तेव्हापासून कोणतेही शीड क्षितिजावर उगवले की नरसोजीच्या मनात पहिला प्रश्न एकच येई: हा खरा कोण?

आणि दैवाची तऱ्हा अशी की परक्या तारवांना बंदर मोकळे करणाऱ्या कौलावर, सरकारी अभयपत्रावर, शिक्का याच संशयी माणसाचा होता.

दोन वर्षांपूर्वी टोपीकरांशी झालेल्या झुंजीत पालशेणची चाळीस तारवे जळाली. पावसाळ्यात दर्या बंद होतो. त्याआधी दक्षिणेच्या बंदरांतून तांदूळ गडावर चढला नाही तर शिबंदीने चार महिने खायचे काय? उरलेल्या सात तारवांचा धनी दामशेट शेटये. वाहतुकीचा मक्ता आपल्या एकट्याच्या हाती राहिला हे पाहून तो म्हणेल तेव्हा माल हलू लागला, नाही म्हणेल तेव्हा सडू लागला. अखेर दर्यासुभेदारांनी जाहीरनामा काढला: "कोणाही मुलखीचा, कोणाही निशाणाचा तारवेकरी दर्यामार्गे येईल, सरकारचे एका बंदरीचा माल दुसरे बंदरी अगर परमुलखी नेईल, त्यास मुलखीचे तारवांप्रमाणेच वागवावे. निशाण परके म्हणोन अटकाव न करावा. कौल असे." आलेल्या प्रत्येक नाखुद्याला, तारवावरच्या मुख्याला, या कौलाची नक्कल देणे आणि तीवर बंदराचा शिक्का उठवणे हे नरसोजीचे काम. तो शिक्का उठवी, आणि मग त्याच तारवाची नाळीपासून वरवंडीपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झडती घेई.

त्या सकाळी त्याची मोजणी पुरी होण्याआधीच सदरेवरून हुजऱ्या धावत आला. "हवालदार, किल्लेदारांनी याद केले आहे. आताच्या आता."

किल्लेदार येमाजीराव खराडे घाटावरचे, घोड्यावरचे सरदार. तारकगडावर येऊन त्यांना तीनच महिने झाले होते आणि समुद्राकडे ते अजून अनोळखी पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत. सदरेवर त्यांच्या उजव्या हाताला सबनीस शिवदेवपंत बसले होते, तेही घाटावरचेच. समोर एक जासूद मान खाली घालून उभा होता, आणि किल्लेदारांच्या हातात मेणकापडात गुंडाळलेली एक चिठी होती.

"वाचा, पंत," खराडे म्हणाले.

शिवदेवपंतांनी घसा साफ करून चिठी वाचली. तीत टोपीकरांच्या कप्तानास लिहिले होते, की खाडीच्या मुखातली वाट आपण दोरी टाकून मोजली आहे; चैत्री पुनवेस सूर्य उगवताना, उधाणाच्या भरल्या पाण्यावर, आपल्या तारवामागोमाग दोन लढाऊ गुराबा आत घ्याव्या; गडाचा खाडीकडचा तट कच्चा आहे. खाली नाव होते नाखुदा आमद भडाला याचे.

"काल संध्याकाळी खाडीपलीकडे एका कोळ्याच्या कनवटीला सापडली," पंत म्हणाले. "कोळी पाण्यात उडी टाकून निसटला. चिठी राहिली."

आमद भडाला कच्छ-मांडवीचा. याच हंगामात त्याने तांदळाच्या दोन खेपा गडाला पोचत्या केल्या होत्या आणि तिसरीसाठी तो निघणार होता. पण गेल्या आठवड्यात हाच आमद होडीत बसून, शिशाचा गोळा बांधलेली दोरी मुखाशी टाकून पाणी मोजत असलेला नरसोजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या पेटीत टोपीकरांचा परवाना असल्याचे त्याला झडतीतून ठाऊक होते.

"काय म्हणता, हवालदार? तुमचा शिक्का घेऊन हिंडणारा हा माणूस," खराडे म्हणाले. "नाखुद्याला मघाच बेड्या घातल्या. आज दुपारी त्याचे तारू जाळायचे आणि त्याला खाडीवर लटकवायचे."

"आणि आजपासून परक्या तारवांना बंदर बंद," पंतांनी जोडले. "कौल देणारांनी घरात साप घेतला. दामशेटची सात तारवे आहेत. आपली माणसे, आपले निशाण. तांदूळ तीच आणतील."

नरसोजीने चिठी पाहायला मागितली. वाचता त्याला बेताचेच येई; पण एका ओळीवर त्याचे बोट थांबले, पुढे गेले, पुन्हा मागे आले. मग त्याने सहज विचारावे तसे विचारले, "पंत, पुनवेला उगवतीस मुखात पाणी किती असेल बरे?"

"हे तुम्ही मला विचारता?" पंत हसले. "पुनवेला उधाण. दर्या दिवसभर तुडुंब भरलेला. हे शेंबडे पोरही सांगेल."

नरसोजीने चिठीची घडी घातली. "सरकार, मला नाखुद्याशी चार शब्द बोलू द्या. मग हुकूम करावा."

आमद भडाला दारूकोठारामागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, रुंद हाडाचा माणूस. बंदरोबंदर फिरून शिकलेली मराठी तो मोडून-तोडून, पण न अडखळता बोले. हवालदाराला पाहून तो उठला नाही.

"दोरी टाकून पाणी का मोजलेस?" नरसोजीने उभ्याउभ्याच विचारले.

"माझं तारू भरलं की सात हात पाण्यात बसतं. वाळू दर साल सरकते. न मोजता आत आलो तर तांदूळ तुमचा बुडेल, माणसं माझी बुडतील."

"टोपीकरांचा परवाना कशाला?"

"तुमचा कौल आहे, त्यांचा परवाना आहे, मस्कतच्या इमामाचा आहे, सिद्दीचा पण आहे. दर्या एक, धनी चार. एकाचा नसला तर तो लुटतो. मी लपवला होता का? पेटीत वरच ठेवला होता. तूच पाहिलास."

हे खरे होते. आणि लपवलेल्या वस्तूपेक्षा उघडी ठेवलेली वस्तू जास्त फसवते, हेही नरसोजीला ठाऊक होते. तो आमदच्या डोळ्यांत पाहत राहिला. त्या डोळ्यांत राग होता, भीती होती; खोटेपणा होता की नाही, हे त्याला कळेना. मग त्याने आवाज न बदलता विचारले, "पुनवेला उगवतीस इथे मुखात पाणी किती?"

आमदने त्याच्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले. "उगवतीला? पाणी कुठलं? पुनवेची भरती दुपारी. उगवतीला खडखडीत सुकती. तुझी बायको तिथं शिंपल्या-तिसऱ्या वेचील."

नरसोजी बाहेर पडला. चिठी खोटी होती; दर्यावर जन्म काढलेल्या माणसाने ती ओळ लिहिणे शक्य नव्हते. पण चिठी खोटी म्हणून माणूस खरा ठरतो का? हेर असूनही त्याच्यावर दुसऱ्याच कोणी खोटा आळ घेतला असेल. पायऱ्या चढता चढता त्याने मनाशी निवाडा केला: आमद कोण आहे हे देव जाणे, पण त्याच्या हाती दिलेल्या कागदावरचा शिक्का माझा आहे, आणि खोट्या कागदासाठी तो मोडायचा नाही.

सदरेवर येऊन त्याने मुजरा केला. "सरकार, ही चिठी लिहिणाऱ्याने दर्या पाहिलेला नाही. पुनवेच्या उगवतीस मुखात गुराब सोडा, होडीही तरायची नाही. पाच दिवस थांबावे. पुनवेस बुरुजावरून आपण स्वतः पाहावे."

"बुरुजावरून काय दिसणार?" पंत चटकन म्हणाले. "पाणी दिसेल चमकताना. खोल की उथळ, कोणी सांगावे? हवालदार आपल्या शिक्क्याची लाज राखताहेत, सरकार."

"म्हणून मी त्यातून चालत जाईन," नरसोजी म्हणाला. "गडाकडच्या खडकापासून पलीकडच्या वाळूपर्यंत, मुखाच्या मधोमध. माझ्या गुडघ्यावर पाणी चढले तर नाखुद्याआधी माझे मुंडके मारावे. आणि पाच दिवसांत तारवाला आच लागली, तर तो कौलभंग दर्यासुभेदारांना मीच कळवीन."

समुद्र खराडेंना कळत नव्हता. पण पैजेवर डोके लावणारा माणूस रणात त्यांनी पाहिला होता. "पाच दिवस," ते म्हणाले. "बेड्या निघणार नाहीत."

त्या पाच दिवसांत बंदराचे रूप पालटले. आमद धरला गेला ही वार्ता खाडीभर झाली आणि दुसऱ्याच भरतीला मस्कतची दोन तारवे नांगर उचलून गेली. तिसऱ्या दिवशी मलबारची. जाताना कोणी कौल परत केला नाही, निरोपही घेतला नाही. दामशेट मात्र रोज बंदरावर येऊन ओळखीच्या खलाशांशी मोठमोठ्याने हसत बोले. नरसोजीला आता प्रत्येक माणूस दुहेरी दिसू लागला. जासूद त्याला टाळून जाई. पंत न टाळता, वाजवीपेक्षा गोड बोलून जात. ज्या कोळ्याच्या कनवटीला चिठी सापडली म्हणे, त्याला पलीकडच्या वाडीत कोणी पाहिले नव्हते, कोणी ओळखतही नव्हते.

चतुर्दशीच्या दुपारी दर्याबुरुजाचा गोलंदाज इभ्राम त्याला विहिरीवर गाठून इकडेतिकडे पाहत म्हणाला, "हवालदार, उद्या जाऊ नका."

"का?"

"सबनिसांनी किल्लेदारांकडून हुकूम घेतलाय. उद्या उगवतीला दर्यावर परकं शीड दिसलं, तर मुखाशी जो असेल तो शत्रूला इशारत करतोय असं समजून तोफ डागायची. मला आजच तोफ भरून मुखाच्या मधोमध रोखून ठेवायला सांगितलीय."

"परकं शीड तर रोजच दिसतं," नरसोजी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

हेही खरे की घाबरवण्याचा डाव? इभ्राम पंतांचा तर नव्हे? नरसोजीने त्याच्या बत्तीच्या राखेने काळवंडलेल्या बोटांकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "तुला हुकूम आहे, तू पाळ. मीही शब्द दिलाय."

नरसोजीची बायको आवडा पुनवेच्या पहाटे चुलीपाशी बसली होती. तिने त्याच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला. "त्या कच्छी माणसावर तुमचा भरवसा आहे का?" तिने विचारले.

"नाही."

"मग?"

"भरवसा असता तर कौल कशाला लागला असता?" पेज संपवून तो उठला.

पूर्वेला तांबडे फुटले तेव्हा गडाच्या तटावर माणूस मावत नव्हता. खाली खाडीच्या मुखात पाणी खरोखरच चकाकत होते, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग, जणू सात हात खोल. नरसोजीने धोतर वर खोचले, हाती एक लांब काठी घेतली आणि तो खडकावरून खाली उतरला. पहिल्या पावलाला पाणी घोट्याला लागले. दहाव्या पावलाला घोट्यालाच होते. त्याने मागे वळून पाहिले नाही.

तो मुखात साठ-पासष्ट पावले गेला असेल नसेल तोच तटावरून कोणीतरी ओरडले. नैर्ऋत्येला, फार दूर, दोन शिडे उगवली होती.

"आली," शिवदेवपंत बुरुजावर किल्लेदारांना म्हणाले. "पाहिले, सरकार? चिठीत दिवस, चिठीत वेळ. आणि हा काठी घेऊन इशारत करतो आहे."

खराडेंनी डोळ्यांवर हात धरला. शिडे खरी होती. ज्या पाण्यात माणूस चालत होता तेही खरे होते. त्यांची मती क्षणभर थबकली, आणि तेवढ्यात पंत म्हणाले, "इभ्राम, डाग."

"सरकारांचा हुकूम?" गोलंदाजाने हात न हलवता विचारले.

"हुकूम कालच झाला आहे." असे म्हणून पंतांनी त्याच्या हातची बत्ती हिसकावली आणि तोफेच्या रंजकीला लावली.

तोफेचा आवाज खाडीच्या दोन्ही दरडींवर आदळून परतला. गोळा नरसोजीच्या डावीकडे पंधरा हातांवर खडकाच्या दातेऱ्यावर बसला, आणि उडालेल्या दगडाच्या कपच्यांनी त्याच्या मांडीचा लचका तोडला. तो गुडघ्यावर आला. पाणी त्याच्याभोवती तांबडे झाले. त्याच्या कानात एकच शिट्टी घुमत होती, दुसरे काही ऐकू येत नव्हते. दुसरी तोफ वळवली जात आहे की नाही हे पाहायला त्याने मान उचलली असती तर कदाचित तो परत फिरला असता. त्याने मान उचलली नाही. काठीवर भार देऊन तो उभा राहिला आणि पुढे चालू लागला. सत्तर पावले. ऐंशी. मुखाच्या ऐन मधोमध, जिथून टोपीकरांच्या गुराबा आत यायच्या होत्या, तिथे थांबून त्याने गडाकडे तोंड केले आणि काठी वाळूत उभी रोवली. साऱ्या तटाला दिसले: पाणी त्याच्या पोटरीच्या खालीच होते.

बुरुजावर पंत शेजारच्या तोफेकडे वळले होते. येमाजीराव खराडेंनी त्यांचे मनगट धरले.

"पंत," ते म्हणाले, "तो उभा आहे. गुराब कुठून येणार?"

दूरची ती दोन शिडे, जशी या दर्यावर रोजच दिसत, उत्तरेकडे सरकत सरकत क्षितिजापलीकडे गेली.

"तोफ मधोमध कधी रोखलीस?" खराडेंनी गोलंदाजाला विचारले.

"काल दुपारी, सरकार. सबनिसांच्या सांगण्यावरून. शीड दिसण्याआधी सोळा-सतरा तास."

हे ऐकताच मागे उभा असलेला जासूद किल्लेदारांच्या पायांवर पडला आणि त्याने सारे कबूल केले. कोळी नव्हताच, कनवटीही नव्हती. चिठी पंतांनी आपल्या हाताने त्याला दिली होती. कौल मोडला तर दामशेटच्या तारवांत पंतांची पाती, म्हणजे भागीदारी, ठरली होती, आणि एक परका नाखुदा खाडीवर लटकलेला दिसला की पुन्हा कोणतेही परके शीड पालशेणकडे फिरकले नसते. गड पावसाळ्यात उपाशी राहील हे पंतांच्या ध्यानात आले नसेल असे नाही; पण उपाशी गड दामशेट सांगेल ते मान्य करील, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

शिवदेवपंतांना त्याच दिवशी दोरखंडाच्या काढण्या लावून घाटावरच्या एका गडावर रवाना केले. दामशेटचे काय करावे, असे खराडेंनी दर्यासुभेदारांना लिहून विचारले, तेव्हा उत्तर आले की त्याची तारवे जप्त करू नयेत. तीही चालावी, परक्यांचीही चालावी. मक्ता मात्र कोणाचाच नाही. कौलात एक नवी ओळ पडली, की बंदराच्या हवालदाराने चौकशी केल्यावाचून कोणाही नाखुद्यास बेडी घालू नये.

आमद भडालाच्या पायांतली बेडी पुनवेलाच खुद्द किल्लेदारांपुढे काढली. घोट्यांवर घट्टे पडले होते. खराडेंनी त्याला वस्त्रे देऊ केली. त्याने ती मस्तकी लावून परत ठेवली आणि दुपारच्या भरतीला शीड उभारून निघून गेला. त्याच्या तारवात गडाच्या तांदळासाठी रिकामी गोणपाटे होती. ती परत येतील असे गडावर कोणालाच वाटत नव्हते.

वैशाख सरत आला. परके एकही शीड खाडीत आले नाही. दामशेटची सात तारवे आणतील तेवढ्या तांदळाने अंबारखान्याचा तिसरा हिस्साही भरला नव्हता. नरसोजी बाजेवर पडून होता. डावा कान गेला होता, मांडीची जखम चिघळत होती, आणि त्याहून जास्त एक विचार चिघळत होता: हा माणूस सुटला तो थेट टोपीकरांकडे तर गेला नसेल? मुखाची वाट तर त्याने मोजलेलीच होती.

वैशाखी अमावस्येला तीन दिवस असताना दर्याबुरुजावरून शिंग वाजले. तीन शिडे, भरल्या तारवांची, जड चालीची. पुढचे आमदचे होते. मागची दोन कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सकाळच्या भरतीवर ती ओळीने खाडीत शिरली, तेव्हा खराडेंनी सर्व तोफांच्या बत्त्या पेटत्या ठेवल्या होत्या.

नरसोजीला चौघांनी डोलीत घालून धक्क्यावर आणले. त्याने आमदला रामराम केला आणि आधी तिन्ही तारवांची झडती घ्यायला लावली. नाळीपासून वरवंडीपर्यंत तांदूळ निघाला, दुसरे काही नाही.

"का आलास?" मग त्याने विचारले. "बेड्या घातलेल्या बंदरात कोण परत येतो?"

आमद त्याच्या उजव्या कानाशी वाकला. "मलाही वाटत होतं, येऊ नये. वाटेत हे दोघे भेटले, नाखुदा इसूब आणि नाखुदा कुंजाली. त्यांना सांगितलं, पालशेणला एक हवालदार आहे, परक्याला दिलेल्या कौलासाठी आपल्याच तोफेपुढे उभा राहिला. हे म्हणाले, खोटं. असा हवालदार नसतो. म्हणून दाखवायला घेऊन आलो."

"मी तुझ्यासाठी उभा नव्हतो," नरसोजी म्हणाला. "तू हेर असशील, अशी निम्मी शंका मला तेव्हाही होती."

"आणि आता?"

नरसोजीने गोण्यांच्या थप्पीकडे पाहिले. "आता पाव."

आमद पहिल्यांदाच हसला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या दोन नाखुद्यांपैकी थोरल्याने त्याला आपल्या भाषेत काहीतरी विचारले आणि हाताने नरसोजीच्या पायाकडे खूण केली.

"जखम बघायची म्हणतात," आमद म्हणाला.

नरसोजीने डोलीतच पाय सरळ केला, धोतराचा सोगा बाजूला सारला, आणि ते दोघे खाली बसून पाहू लागले. त्यांच्या मागून हमालांची रांग तांदळाच्या गोणी पाठीवर घेऊन गडाच्या पायऱ्या चढू लागली होती.